पळस बघायचा की सुबाभूळ उपटायची?

फाल्गुन लागला की पुण्याच्या टेकड्यांवर रविवारी सकाळी तीन तऱ्हेची माणसं दिसतात. काहींच्या गळ्यात कॅमेरे आणि दुर्बिणी. ती पळस-पांगारा बघायला आलेली. काहींच्या हातात पाण्याचे कॅन. ती आपण लावलेली रोपं उन्हाळ्यात जगवायला निघालेली. तिसरी संख्येने थोडी, हातमोजे घातलेली, पिशवीत खुरपं-कोयता. ती घाणेरी आणि सुबाभूळ काढायला आलेली. टेकडी तिघांचीही लाडकी. वेताळ टेकडीवरून रस्ता आणि बोगदे काढायचं घाटत होतं तेव्हा, २०२३च्या एप्रिलमध्ये, ही सगळी मंडळी एकाच मोर्च्यात चालली होती. पण टेकडी वाचली तर तिच्यावर काय असावं, असा विषय काढा, की त्याच मंडळींची तोंडं तीन दिशांना होतात.

पुढचं बोलणं त्या विषयाचं आहे. यातली मावशी आणि भाचा ही कुणी ठरावीक माणसं नव्हेत. चढता-उतरता कानांवर पडलेली मतं मी या दोघांच्या तोंडी घातली आहेत. मावशी सत्तरीला टेकलेली, बँकेतून निवृत्त, पाणी घालणाऱ्यांपैकी. भाचा वनस्पतिशास्त्र शिकलेला. होळीपासून चैत्र सरेपर्यंत तो लोकांना टेकडीवर फिरवतो, फुलं दाखवतो आणि उतरताना प्रत्येकाला सुबाभळीची मूठभर रोपटी उपटायला लावतो. मावशीचा राग या शेवटच्या कलमावर.

मावशी: अरे, तुझ्या सहलीतली एक मुलगी काल मला म्हणाली, आजी, तुम्ही पाणी घालताय ते झाड परदेशी आहे. मी म्हटलं, असेल बाई, तहान मात्र त्याला इथल्या उन्हाचीच लागलीय.

भाचा: कशाला घालत होतीस पाणी?

मावशी: गुलमोहराला. आमच्या गटातल्या एकांनी लावला होता. ते गेले, आता मी घालते.

भाचा: घाल की. गुलमोहर मादागास्करचा हे खरं, पण त्याच्याशी माझं भांडण नाही. लावला तिथे उभा राहतो बिचारा. माझं भांडण सुबाभळीशी. तिच्या शेंगा बघितल्यास? घोसच्या घोस लटकलेले. तडकल्या की खाली बी सांडतं आणि पावसाळ्यात त्या झाडाखाली पाय ठेवायला जागा नसते, इतकी रोपटी.

मावशी: म्हणजे देशी-परदेशी हा वाद नाहीच तर! मग त्या मुलीला तसं शिकव. नाहीतर उद्या माझ्या ताटातला ठेचा उचलून नेईल. मिरचीही अमेरिकेतूनच आलीय. आणि चिंच आफ्रिकेतली.

भाचा: मिरची बांध ओलांडून टेकडी चढली नाही. सुबाभूळ चढली.

मावशीचा टोमणा मला रास्त वाटतो. ‘देशी झाडे लावा’ असे फलक हल्ली सगळीकडे दिसतात आणि त्यांच्या खाली बहुधा वड, पिंपळ आणि कडुनिंब लावलेले असतात. तिन्ही या देशातलेच. पण वडाला नदीकाठ मानवतो, गावकूस मानवतं. काळ्या कातळावरच्या वीतभर मातीत तो लावायचा, म्हणजे त्याच्यामागे वर्षानुवर्षं कॅन घेऊन फिरणं आलं. श्री. द. महाजनांचं ‘देशी वृक्ष’ घेऊन टेकडी चढणारेही कधी कधी झाडाचा देश तेवढा बघतात, झाडाची जागा बघत नाहीत.

मावशी: तू जन्मला नव्हतास तेव्हाची टेकडी मी बघितलीय. बोडकी होती. खाणीतून सुरुंगाचे आवाज, वर गुरं चरताहेत, बायका सरपणाच्या मोळ्या नेताहेत. मग गिरिपुष्प लावलं, सुबाभूळ लावली, तेव्हा कुठे सावली पडली. आता तुम्हाला ती झाडं खुपायला लागली.

भाचा: तीच का लावली, ते बघ ना. गिरिपुष्पाची काठी खोचली तरी जगते, पाणी मागत नाही, चरणारी जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. सुबाभूळ म्हणजे तर तेव्हा कल्पवृक्ष. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी तिचा मोठा प्रसार केला. त्यात वावगं काही नव्हतं. बांधावरची सुबाभूळ शेतकरी छाटत राहतो, तिला शेंगा धरूच देत नाही. टेकडीवर छाटणारं कोण आहे?

मावशी: मग बोडकीच ठेवायला हवी होती का?

भाचा: बोडकी नव्हती मावशी, गवताची होती. तू बघितलीस ती चरून चरून खरवडलेली. पुण्याचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. मुळशीकडे गेलीस की त्याच्या कितीतरी पट. इथे सह्याद्रीच्या पलीकडच्या कोरड्या अंगाला कमरेइतकं गवत आणि त्यात विखुरलेली झाडं, हेच मूळचं रान. हिवर, खैर, पळस, सालई, मोई, मेडशिंगी. इंग्रजांच्या दप्तरात ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक. आपण तो शेरा तसाच ठेवला आणि पडीक म्हणून तिच्यावर झाडं लावत सुटलो.

मावशी: कशावरून? आधी जंगल असेल, तोडून तोडून माळ झाला असेल. आम्हाला शाळेत हेच शिकवलं.

भाचा: तेच तपासायला अभ्यासकांनी जुनं मराठी साहित्य चाळलंय, पार तेराव्या शतकापासूनचं. कुठल्या गावाच्या वर्णनात कुठलं झाड येतं ते शोधलं. २०२५मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिम महाराष्ट्राच्या वर्णनांत उघड्या माळावर वाढणारी काटेरी झाडं भेटतात, हिवर त्यातलाच. गर्द जंगलाच्या सावलीत हिवर होत नाही. म्हणजे तेराव्या शतकात चक्रधरस्वामी हिंडले तेव्हाही हा मुलूख बराचसा उघडाच होता.

मावशी: पोथीतल्या हिवराने माझ्या डोक्यावर सावली येत नाही, राजा.

यावर भाचा गप्प बसला, आणि त्याने बसायलाच हवं होतं. मार्चच्या अखेरीला सकाळी नऊलाच ऊन टोचायला लागतं. खालच्या शहरात झाडांची सावली रोज कमी होते आहे. अशा वेळी टेकडीवरच्या गिरिपुष्पाखालच्या बाकावर टेकणाऱ्या बाईला ‘हे गवताळ रान आहे, इथे सावली नसतेच’ असं सांगणं म्हणजे ती सकाळी जिथे येते ती जागाच काढून घेणं. माळरानाचं शास्त्र मला पटतं. ते सांगणारे मात्र ऐकणाऱ्याचं वय बघत नाहीत.

पण गवताची बाजू तोंडी पटत नाही. ती हातात घेऊन बघावी लागते. भाच्याने पायमोज्यात रुतलेलं एक कुसळ उपसून मावशीच्या तळहातावर ठेवलं. कुसळी गवताचं ते बी. टोकाला सुईसारखं अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे बोटभर लांब काळपट शेपूट, दोरीसारखं पीळ घातलेलं. बाटलीतलं पाणी बोटाने त्यावर लावलं. क्षणभर काही झालं नाही. मग शेपूट हललं, पीळ उलगडायला लागला आणि सगळं कुसळ तळहातावर गरगरत वळलं. दव पडलं की हा पीळ सुटतो, ऊन तापलं की पुन्हा बसतो, आणि त्या उलटसुलट फिरण्यात बी स्वतःला जमिनीत रुतवून घेतं. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. मावशीने चष्मा वर करून पुन्हा एकदा पाणी लावून बघितलं.

मावशी: इतकी वर्षं साडीतून उपसून फेकतेय मी हे. बरं. पण हे बी रुतणार कुठे? गिरिपुष्पाखाली तर गवत येतच नाही, असं तूच म्हणतोस.

भाचा: दाट लागवड असली की फारसं येत नाही. ऊनच पोचत नाही खाली. गवत गेलं की लावरी जाते, चंडोल जातो. इंदापूरजवळ कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि लांडगा आहेत, ते गवत शिल्लक आहे म्हणून. आणि आपण अशाच माळांवर चर खणतो, खड्डे घेतो. २०१९ला राज्यात तेहतीस कोटी झाडं लावायची होती. तेवढे खड्डे कुठे घ्यायचे? जिथे जागा रिकामी दिसते तिथे. आणि रिकामी कुठली दिसते? माळाची.

मावशी: मार्चमध्ये मलाही रिकामीच दिसते.

भाचा: चल, दाखवतो.

त्याने दाखवला तो रानकांदा. वाटेपासून चार पावलांवर, तापून भेगाळलेल्या जमिनीतून एक उघडा दांडा सरळ वर आलेला, हातभर उंच, त्यावर फिकट तपकिरी-हिरवट फुलं. पान एकही नाही. पानं पावसाळ्यात येतील, तोवर मुठीएवढा कांदा खाली आणि वर ही फुलं. आजूबाजूला असे आणखी कांदे, कंद, गड्डे जमिनीत पडलेले असतात. त्यात खर्पुडीच्या जातीचे कंदही असू शकतात, ज्यांची कंदिलासारखी फुलं श्रावणात बघायला लोक लांबून येतात. फाल्गुनात इथे कुदळ मारणाऱ्याला कळणारही नाही की आपण काय फोडलं.

मावशी: ठीक आहे, खड्डे नकोत. पण मग वणवा चांगलाच म्हणायला हवा तुझ्या हिशेबाने. गवताच्या रानात आग लागायचीच, नाही का?

भाचा: हा तू बरोबर पकडलास. अधूनमधून लागणारी आग गवताला मारत नाही. पावसाला ते पुन्हा फुटतं. पळसही मुळांपासून उठतो. पण इथे दर वर्षी कुणीतरी काडी लावतो, किंवा विडी टाकतो, आणि तीही नेमकी मार्च-एप्रिलात, टिटवी उघड्यावर अंडी घालते तेव्हा. दर वर्षी जळलं तर पळसाचं, वारसाचं रोपटं माणसाएवढं होणार कधी?

मावशी: म्हणून आम्ही वणवा अडवायला जाळरेषा काढायला येतो. तुझे कॅमेरेवाले येतात का?

भाचा: काही येतात.

मावशी: काही म्हणजे?

भाचा उत्तर टाळून वारसाकडे बोट दाखवतो. वारस आत्ता फुललेला आहे, पांढऱ्या-गुलाबी गुच्छांनी, सुगंधही आहे. पण त्याच्याकडे कुणी बघत नाही, कारण पलीकडे पळस पेटलेला असतो. पळसाचं मी काही सांगावं असं नाही. मखमली काळसर देठ-वाटीतून केशरी चोच बाहेर आलेली, मैना आणि शिंजीर त्यात तोंड घालून मकरंद पिताहेत, खाली सडा पडलेला. त्या सड्यातली फुलं रंगपंचमीसाठी वेचायला माझी हरकत नाही. फांदी वाकवून मोडणाऱ्यांना मात्र मी टोकतो आणि वाईटपणा घेतो. पळसाखेरीज धायटी आहे, सोनसावरीची पिवळीधमक फुलं आहेत, वावळ्याच्या पापड्या वाऱ्यावर उडताहेत.

मावशी: एक विचारू? लोक इथे वसंत बघायला येतात. दहा ते सहा संगणकासमोर बसणारी मुलं. त्यांना जरा पळसाखाली बसू दे. तू लगेच भाषण सुरू करतोस, हे उपटा, ते उपटा. शिबिर आहे का सहल?

भाचा: नुसतं बसले तर जे फुललं ते चांगलं, एवढंच घेऊन जातात. गिरिपुष्पाला कुणी पुण्याचा चेरी ब्लॉसम म्हणतं, फोटो टाकतं. पुढच्या वर्षी कुणीतरी उत्साहाने त्याच्याच काठ्या आणून लावतं.

मावशी: सुंदर दिसतंच ते. मधमाश्या येतात त्यावर. खोटं का बोलायचं?

भाचा: दिसतं. मी नाही कुठे म्हणतोय?

मावशी: सहलीत म्हणत नाहीस कधी.

माझं मत विचाराल तर वसंतातली सहल ही झाडं ओळखण्यासाठीच चांगली. पानं गळलेली असतात, नजर आरपार जाते, आणि प्रत्येक झाड आपल्या फुलाने दुरूनच ओळख देतं. पावसाळ्यात त्या हिरव्या गर्दीत पळस कुठला आणि पांगारा कुठला, हे जवळ गेल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून या दिवसांत करण्यासारखं मोठं काम कोयत्याचं नसून कागद-पेन्सिलीचं आहे: टेकडीच्या कुठल्या अंगाला किती पळस, वारस कुठे, सोनसावर कुठे, रानकांदे कुठल्या पट्ट्यात. कारण पळसाच्या शेंगा वैशाखात, ज्येष्ठाच्या तोंडाशी पिकतात. तेव्हा फुलं नसतात, ऊन मी म्हणत असतं आणि सहली बंद झालेल्या असतात. झाड कुठे आहे हे फाल्गुनात लिहून ठेवलेलं असलं तरच कुणी बी वेचायला जाईल. पळसाची चपटी शेंग, टोकाला एकच बी. ते ताजं असतानाच पहिल्या पावसात टोचायचं. त्याला खड्डा लागत नाही, कॅनही लागत नाही. रोपवाटिकेतल्या पिशवीतल्या रोपापेक्षा ते हळू वाढताना दिसेल, पण त्याचं मूळ आधी कातळाच्या फटीत खोल गेलेलं असेल.

एवढं म्हटल्यावर मावशीने भाच्याला जिथे पकडायचं तिथे पकडलं.

मावशी: दोन वर्षांपूर्वी त्या दक्षिणेच्या उतारावरची घाणेरी काढलीत. फोटो आले, टाळ्या झाल्या. दसऱ्याला मी तिथून गेले तर उतारभर नारिंगी-पिवळा कॉसमॉस. बायका त्यात उभ्या राहून फोटो काढत होत्या.

भाचा: कॉसमॉसचं बी आधीच पडलेलं होतं. ऊन मिळालं, फुटलं.

मावशी: फुटणारच. मग श्रावणात का नाही आलात उपटायला? फुलावर यायच्या आत?

भाचा: पावसात माणसं येत नाहीत, मावशी. मार्चात तीस येतात, ऑगस्टमध्ये तीन.

मावशी: मग मार्चात तेवढंच काढा, जेवढं तिघांना ऑगस्टमध्ये सांभाळता येईल.

या हिशेबाला भाच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. घाणेरी वरवर कापली तर दुप्पट जोमाने फुटते. ती काढायची तर खोडाखालचा गड्डा जमिनीच्या आत कुदळीने तोडून उलटा टाकावा लागतो, हे काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण गड्डा काढून उघडी पडलेली माती पहिल्या पावसात कोण घेईल, गवत की कॉसमॉस, गाजरगवत की घाणेरीचीच पोरं, हे मार्चात ठरत नाही. कास पठाराचंच बघा: आधी जाळी लावली, गुरं थांबवली. मग फुलं कमी झाली म्हणून ओरड झाली आणि जाळी काढली. अशा जागा एकदा नीट करून सोडून देता येत नाहीत.

भाचा: बरं, मग असं करू. यंदा उतार नको. खाणीच्या वरचा तो एवढाच तुकडा घेऊ, बाकापासून दगडी बांधापर्यंत. त्यातली सुबाभळीची रोपटी फक्त. मोठी झाडं नाहीत.

मावशी: मोठ्यांना हात लावायला परवानगी लागते, हे तुझ्या त्या कोयतेवाल्याला सांगितलंयस का? १९७५चा कायदा आहे शहरातल्या झाडांसाठी, आणि वनखात्याची हद्द असेल तर त्यांचं वेगळं. झाड देशी की परदेशी, हे विचारून दंड करत नाहीत.

भाचा: सांगितलंय. अर्जही दिलाय. रोपटी उपटायची आणि बी टोचायचं, एवढंच.

मावशी: आणि बाकाजवळची दोन गिरिपुष्पं?

भाचा: ती राहू देत. त्यांच्या पलीकडे एक मेडशिंगी आहे, हाताएवढी. ती वाढली की बघू.

मावशी: ती वाढेपर्यंत मी असेन का?

भाचा: म्हणूनच राहू देत म्हटलं.

मावशी: हं. पळसाच्या शेंगा वैशाखात मी वेचून ठेवीन, सकाळी येतेच मी. आमच्या गटातल्या दोघी-तिघीही येतील, त्यांनाही कॅन उचलवत नाही आता. पण आषाढात कॉसमॉस उपटायला कोण?

भाचा: मी येईन. तू?

मावशी: मी रोज येते रे. तुझ्या यादीतल्या किती जणांना चिखल चालतो, ते आधी विचार, आणि मग त्या तुकड्याची हद्द आख.